तिसरी शपथ

28 ऑक्टोबर 1928, रविवारची संध्याकाळ. डच ईस्ट इंडीजची राजधानी बटाव्हिया, म्हणजे आजचं जाकार्ता. क्रामात रस्त्यावरच्या 106 क्रमांकाच्या घरात बाहेरगावचे विद्यार्थी राहत. घरमालक सी कोंग लिओंग नावाचे चिनी गृहस्थ. दुसऱ्या युवक परिषदेची शेवटची बैठक त्या घरात भरली होती. जावा, सुमात्रा, सुलावेसी, अंबोन अशा बेटाबेटांवरून शिकायला आलेली तरुण मुलं-मुली तिथे जमली होती. पोलिसांची नजर सभेवर होती. ‘मर्देका’, म्हणजे स्वातंत्र्य, हा शब्द कुणाच्या तोंडून निघतो का, याकडे त्यांचे कान लागलेले. म्हणून वागे रुडॉल्फ सुप्रतमान या तरुण पत्रकारानं स्वतः रचलेलं ‘इंडोनेशिया राया’ हे गीत शब्दांशिवाय, नुसतं व्हायोलिनवर वाजवलं. पुढे तेच देशाचं राष्ट्रगीत झालं.

परिषदेतली बरीचशी भाषणं डच भाषेत झाली. जमलेल्या संघटनांची नावंही ‘योंग जावा’, ‘योंग सुमात्रानेन बोंड’, ‘योंग अंबोन’, ‘योंग बाताक्स बोंड’ अशी डच धाटणीचीच होती. अध्यक्ष सुगोंडो जोयोपुस्पितो जावाचे. मलय भाषेत सभा चालवताना ते अडखळत होते. सुनारिओ नावाच्या वक्त्याचं भाषण चालू असताना सचिव मुहम्मद यामिन यांनी एका कागदावर काही ओळी लिहिल्या आणि तो कागद सुगोंडोंकडे सरकवला. ठरावाचा जास्त नेटका मसुदा आपल्याकडे आहे, हेही त्यांनी डचमध्येच सांगितलं, अशी आठवण नोंदली गेली आहे.

त्या कागदावर तीन कलमं होती. आपली मायभूमी एक, इंडोनेशिया. आपलं राष्ट्र एक, इंडोनेशिया. आणि तिसरं कलम भाषेचं: आपण मान देतो ती भाषा इंडोनेशियन. आज हा ठराव ‘सुम्पाह पमुदा’, म्हणजे युवकांची शपथ, म्हणून ओळखला जातो आणि 28 ऑक्टोबर हा दिवस इंडोनेशियाभर पाळला जातो.

पहिली दोन कलमं वसाहतवादाविरुद्ध लढणाऱ्या कोणत्याही देशानं लिहिली असती. तिसरं कलम धाडसाचं होतं. ज्या भाषेला त्या तरुणांनी ‘इंडोनेशियन’ हे नाव दिलं, ती म्हणजे मलय. त्या काळी ती मातृभाषा म्हणून बोलणारे लोक शेकड्यात जेमतेम पाचच्या आसपास असावेत, असं मानलं जातं. 1930च्या जनगणनेत वसाहतीची लोकसंख्या सहा कोटींच्या घरात भरली. त्यांतले जवळपास निम्मे लोक जावानी होते. संख्या जावानीकडे, ग्रंथ जावानीकडे, राजदरबार जावानीकडे. सगळ्या द्वीपसमूहाच्या भाषिक वारशाची प्रतिनिधी म्हणून एकच भाषा उभी करायची ठरवली असती, तर जावानीखेरीज दुसरं नाव पुढे येणं अवघड होतं.

तरीही ती निवडली गेली नाही, आणि तिला मागे ठेवण्याच्या निर्णयात खुद्द जावाचे लोक आघाडीवर होते.

या निर्णयाचं मोल कळायला जावानीची थोरवी आधी पाहायला हवी. नवव्या शतकाच्या आसपास जावामध्ये रामायण काव्यरूपात उतरलं. त्याचा मोठा आधार होता संस्कृतातलं भट्टिकाव्य. ‘कावी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या जावानीत पुढची कित्येक शतकं काव्यं, धर्मग्रंथ, कथा लिहिल्या जात राहिल्या. डच विद्वान झूटमुल्डर यांचा जुन्या जावानीचा कोश 1982मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या साडेपंचवीस हजारांच्या वर नोंदींपैकी जवळपास निम्म्या शब्दांचं मूळ संस्कृतात सापडतं. मजापहित साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात, 1365मध्ये, प्रपंच नावाच्या कवीनं ‘नागरकृतागम’ रचलं. राजाची सवारी, त्याचे मुलूख, देवळं, उत्सव यांचं इतकं बारकाईचं वर्णन त्यात आहे, की इतिहासकारांना आजही त्यावाचून पुढे जाता येत नाही.

या काव्याची पोथी हाती कशी आली, ती हकिकत सांगण्यासारखी आहे. 1894मध्ये डच फौजेनं लोम्बोक बेटावरच्या चक्रनगरा इथल्या राजवाड्यावर हल्ला केला. वाडा जळाला, लुटला गेला. फौजेबरोबर ब्रांडेस नावाचे भाषापंडित होते. वाड्यातल्या ताडपत्रांच्या पोथ्या त्यांनी वाचवल्या, आणि त्यांत ‘नागरकृतागम’ निघालं. जावात विस्मरणात गेलेलं जावाचं महाकाव्य शेजारच्या बेटावर, बाली वंशाच्या राजाच्या ग्रंथसंग्रहात जपलेलं होतं. जावानीचा वारसा एका बेटापुरता नव्हता, याचा याहून मोठा पुरावा कोणता असणार?

जावानीची स्वतःची लिपी होती, ‘हनाचरका’. सुराकार्ता आणि योग्यकार्ता इथल्या दरबारांत राजकवींची परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत आली. 1855मध्ये सुराकार्तात ‘ब्रमर्तानी’ हे जावानी वृत्तपत्र निघालं. म्हणजे छपाईच्या युगातही ही भाषा मागे नव्हती.

तिची अडचण तिच्या समृद्धीतच दडलेली होती. जावानीत बोलायला तोंड उघडण्याआधी समोरच्याची पायरी ओळखावी लागते. बरोबरीच्या किंवा लहान माणसाशी ‘न्गोको’, मोठ्यांशी आणि परक्यांशी ‘क्रामा’, आणि थोरामोठ्यांच्या कृतीबद्दल बोलताना ‘क्रामा इंगिल’. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा फरक आहे, पण भाकरी ती भाकरी आणि झोप ती झोपच राहते. जावानीत शब्दच बदलतात. खाणं म्हणजे न्गोकोत ‘मांगान’, क्रामात ‘नेडा’, आणि थोरांच्या बाबतीत ‘डाहार’. झोपणं म्हणजे ‘तुरू’, ‘तिलेम’ आणि ‘सारे’. घर म्हणजे ‘ओमाह’, ‘ग्रिया’ आणि ‘दालेम’. नोकर मालकाबद्दल बोलताना ‘सारे’ म्हणेल, स्वतःबद्दल ‘तिलेम’. स्वतःसाठी ‘सारे’ वापरला, तर ऐकणारे दचकतील.

दरबारात या रचनेनं भाषेला देखणेपण दिलं. सभेत तिनं पंचाईत केली. एका बाजूला सरदारघराण्यातला विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला, तर पहिल्याच वाक्यात कोण वर आणि कोण खाली हे ठरून जाई. एकमेकांना भाऊ म्हणू पाहणाऱ्या चळवळीला अशी भाषा कशी चालणार? 1917मध्ये सुराबायात ‘जावा दीपा’ नावाची चळवळ उभी राहिली. सरेकात इस्लाम या मोठ्या राजकीय संघटनेच्या वर्तुळातले लोक तिच्यात होते. क्रामा सोडा, सगळ्यांनी सगळ्यांशी न्गोकोतच बोला, अशी तिची मागणी. पण शतकानुशतकांची अदब ठरावानं पुसली जात नाही. वडीलधाऱ्यांना ही उद्धटपणाची शिकवण वाटली आणि चळवळ विरून गेली. जावानीला आतून समतेकडे वळवायचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. तो फसला, तेव्हा समतेची भाषा बाहेरून आणणं भाग पडलं.

मलयचा इतिहास असा एका दरबारापाशी थांबत नाही, तो समुद्रावर फिरतो. 1920मध्ये दक्षिण सुमात्रात पालेंबांगजवळ नदीकाठी एक दगड सापडला. केदुकान बुकित या नावानं तो ओळखला जातो. श्रीविजय साम्राज्याचा हा शिलालेख जुन्या मलय भाषेत आणि पल्लव लिपीत कोरलेला आहे. त्याचा काळ इ.स. 682च्या सुमाराचा. पंचांग हाताळणाऱ्या मराठी माणसाला त्याची सुरुवात परकी वाटणार नाही, कारण काळ सांगितला आहे तो शकवर्षात, वैशाख महिन्याच्या शुक्ल पक्षातल्या एकादशीचा. दापुंता हियांग नावाचा अधिपती होडीत बसून ‘सिद्धयात्रे’ला निघाला आणि त्याच्याबरोबर वीस हजारांची फौज होती, असं तो लेख सांगतो. भाषेच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक, आणि त्यातही माणूस होडीतच चढतो आहे.

त्यानंतर मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला मलय शिकावी लागली. गुजराती, तमिळ, अरब, चिनी, बुगी, जावानी, सगळे बंदरात सौदा करायचे तो तिच्यात. युरोपियन आले तेही त्याच वाटेनं. फ्रेडरिक डी हाउटमन हा डच दर्यावर्दी अचेहच्या सुलतानाच्या कैदेत पडला. तिथे तो मलय शिकला आणि मायदेशी परतल्यावर 1603मध्ये त्यानं मलय संभाषणांचं आणि शब्दांचं पुस्तक छापलं. 1629मध्ये बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा मलय अनुवाद हॉलंडमध्येच प्रसिद्ध झाला. बंदर, बाजार, मशीद, चर्च, पुढे सरकारी कचेरी, असं करत ही भाषा सगळीकडे पोचली. डचांनी आपली भाषा थोड्याच स्थानिकांना शिकवली. बाकीच्यांशी कारभार मलयमध्ये केला. राज्यकर्त्यांनी सोयीसाठी वापरलेली हीच भाषा पुढे त्यांच्याविरुद्ध उभी राहिली.

पण कोणती मलय? बाजारातली मलय प्रत्येक बंदरात वेगळी होती. ग्रंथांची मलय रिआऊच्या दरबारात घडली होती. सिंगापूरच्या दक्षिणेकडच्या पेन्येंगात या चिमुकल्या बेटावर राजा अली हाजी यांनी 1857मध्ये मलयच्या लेखनाचे आणि व्याकरणाचे नियम सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यांचं घराणं मूळचं सुलावेसीकडच्या बुगी लोकांतलं. मलयला शिस्त लावणारा हा थोर लेखक वंशानं मलय नव्हता, यावरूनच कळावं की ही भाषा शिकणाऱ्याची होत होती.

1901मध्ये डच अधिकारी व्हान ओफाउसेन यांनी दोन सुमात्री शिक्षकांच्या मदतीनं रोमन लिपीतलं मलय शुद्धलेखन ठरवलं. 1908मध्ये सरकारनं लोकवाचनासाठी समिती नेमली, आणि 1917मध्ये तिची ‘बालाई पुस्ताका’ ही प्रकाशनसंस्था झाली. सरकारला वाचकांच्या हातात निरुपद्रवी पुस्तकं द्यायची होती. हाती मात्र नवी कादंबरी पडली. बाताक समाजातले मेरारी सिरेगार 1920मध्ये लिहिते झाले, आणि 1922मध्ये मिनांगकाबाऊ समाजातल्या मारा रुस्ली यांची ‘सित्ती नुर्बाया’ आली. सावकाराच्या कर्जापायी मनाविरुद्ध लग्न करावं लागलेल्या मुलीची ही कथा घरोघर वाचली गेली.

वृत्तपत्रांनी तर आधीच वाट पाडली होती. जावातल्या ब्लोरा इथल्या खानदानी घरातले तिर्तो आधी सूर्यो यांनी 1907मध्ये ‘मेदान प्रियायी’ काढलं ते जावानीत नाही, मलयमध्ये. आपला वाचक फक्त आपल्या गावचा नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. चिनी समाजाची मलय वृत्तपत्रंही जोमात होती. त्यांतल्या ‘सिन पो’त सुप्रतमान बातमीदार होते. परिषदेत ज्या गीताचे शब्द मुके राहिले, ते नोव्हेंबर 1928मध्ये छापून आले ते ‘सिन पो’च्याच साप्ताहिक अंकात.

मलयला राष्ट्राची भाषा म्हणून पाहण्याची कल्पना त्या परिषदेच्या बारा वर्षं आधी हॉलंडमध्ये मांडली गेली होती. 1916मध्ये हेगला भरलेल्या वसाहती शिक्षणाच्या परिषदेत सुवार्दी सूर्यनिंग्रात या हद्दपार तरुणानं सांगितलं, की या सगळ्या बेटांना जोडणारी भाषा मलयच होऊ शकते. हा माणूस योग्यकार्ताच्या पाकुआलाम राजघराण्यातला. जावानीच्या सर्वांत वरच्या पायरीवर जन्मलेला. पुढे त्यांनी राजघराण्याचं नाव टाकलं आणि की हाजर देवांतारा या नावानं ते ओळखले जाऊ लागले. 1922मध्ये त्यांनी ‘तामान सिस्वा’ या शाळांची सुरुवात केली. मुलांना आपल्या मातीतलं संगीत, नृत्य, गोष्टी यांतून शिकवायचं, हा त्या शाळांचा पाया होता. मलयचा पुरस्कार करताना त्यांनी जावाची संस्कृती सोडली नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदल्या, आणि पुढच्या निर्णयाची खरी दिशा तीच होती.

1926मध्ये पहिली युवक परिषद झाली. यामिन तेव्हा तेवीसच्या आतबाहेर. सुमात्राच्या मिनांगकाबाऊ भागातले कवी. इंडोनेशियातल्या भाषांच्या भवितव्यावर त्यांनी डचमध्ये भाषण केलं. भविष्य आहे ते दोनच भाषांना, जावानीला आणि मलयला, आणि त्यांतही पुढची भाषा मलय, असं त्यांचं प्रतिपादन होतं. त्यांनी ठरावाचा मसुदा केला, त्यात भाषेचं नाव ‘मलय’ असं होतं.

परिषदेचे अध्यक्ष मोहम्मद ताब्रानी यांनी हरकत घेतली. ते मदुरा बेटावरचे पत्रकार. मायभूमीचं नाव इंडोनेशिया, राष्ट्राचं नाव इंडोनेशिया, मग भाषेचं नाव एका समाजाचं का, असा त्यांचा सवाल होता. ‘इंडोनेशियन भाषा’ असं नाव त्यांनी त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या वृत्तपत्रातून मांडलं होतं. यामिन यांना ते पटेना. अशी भाषा अजून अस्तित्वातच नाही, असं त्यांचं म्हणणं. ताब्रानींचं उत्तर असं, की नसेल तर आपण ती घडवू. निर्णय पुढच्या परिषदेवर गेला, आणि दोन वर्षांनी क्रामात रस्त्यावरच्या घरात यामिन यांनीच ‘इंडोनेशियन’ हा शब्द लिहिला.

वरवर हा नावाचा वाद वाटतो. पण मलय हे नाव राहिलं असतं, तर सुंदा, मदुरा, बाली, बाताक, अंबोन इथल्या लोकांना दुसऱ्या समाजाची भाषा पत्करल्याची खंत कायम राहिली असती. नवं नाव मिळाल्यावर ती कुणा एकाची राहिली नाही. जवळपास प्रत्येकाला ती शिकावी लागणार होती. निम्म्या देशाला, म्हणजे जावानी लोकांनासुद्धा.

यामिन यांनी लिहिलेल्या ओळी बारकाईनं वाचाव्यात. पहिल्या दोन कलमांत मायभूमी ‘एक’, राष्ट्र ‘एक’ असं म्हटलं आहे. तिसऱ्या कलमात भाषा ‘एक’ असं म्हटलेलं नाही. क्रियापदही वेगळं आहे: ‘ऐक्याची भाषा’ म्हणून इंडोनेशियनला मान देतो, तिला उंच धरतो, एवढंच. ‘आम्ही पुत्र आणि पुत्री’ अशी सुरुवात असलेल्या या शपथेतून जावानी, सुंदानी, बाली, मिनांगकाबाऊ या भाषा हद्दपार झालेल्या नाहीत. शाळेतल्या पाठांतरात आणि भाषणांत पुढे ‘एक देश, एक राष्ट्र, एक भाषा’ असा सोपा घोष रूढ झाला. मूळ मसुदा मात्र जास्त सावध आणि जास्त उदार होता. सगळ्यांचा वारसा एका भाषेनं वाहावा, अशी अट त्यात नाही. एकमेकांशी बोलण्यासाठी एक भाषा, आणि वारसा ज्याचा त्याच्या भाषेत, अशी ती वाटणी होती.

शपथ घेणं सोपं, निभावणं कठीण. ऑक्टोबरच्या परिषदेत डचमध्ये बोललेल्या सिती सुंदारी डिसेंबरमध्ये योग्यकार्ताच्या पहिल्या महिला परिषदेत उभ्या राहिल्या. डच किंवा जावानी न वापरता इंडोनेशियनमध्ये का बोलते आहे, हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग चाचपडत, नेटानं, भाषण पुरं केलं. डचांनी स्थापलेल्या लोकपरिषदेत पश्चिम सुमात्राचे याह्या दातुक कायो 1927पासून हट्टानं मलयमध्येच बोलत. 1933मध्ये सुतान ताकदिर अलिशाहबाना, अमीर हमझा आणि अर्मेन पाने यांनी ‘पुजांगा बारू’ हे मासिक सुरू केलं. नव्या भाषेला नवा निबंध, नवी कविता, नवं टीकालेखन त्यातून मिळालं.

जून 1938मध्ये पहिली इंडोनेशियन भाषा परिषद भरली ती सुराकार्तात, जावानी दरबाराच्या ऐन घरात. जुन्या जावानीचे ख्यातनाम अभ्यासक पूर्बाचराका यांचा तिच्यात सहभाग होता. आयुष्य कावीच्या पोथ्यांत घालवलेल्या माणसानं नव्या भाषेच्या व्याकरणाची, परिभाषेची चर्चा करावी, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही.

मग मार्च 1942मध्ये जपानी आले आणि डच भाषेवर बंदी आली. शाळा, कचेऱ्या, न्यायालयं यांना रातोरात दुसरी भाषा लागली. जपानी शिकवायला वेळ कुठे होता? इंडोनेशियन पुढे सरसावली. त्याच वर्षी भाषा आयोग नेमला गेला आणि पुढच्या तीन वर्षांत सुमारे 7,000 पारिभाषिक शब्द तयार झाले. चौदा वर्षांपूर्वी मोजक्या विद्यार्थ्यांचं स्वप्न असलेल्या भाषेत आता भूमिती शिकवली जात होती आणि हुकूम निघत होते. 17 ऑगस्ट 1945ला स्वातंत्र्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी स्वीकारलेल्या राज्यघटनेच्या 36व्या कलमात ती राज्यभाषा ठरली. घटनेच्या स्पष्टीकरणात जावानी, सुंदानी, मदुरी अशी नावं घेऊन म्हटलं होतं, की लोक ज्या भाषा नीट जपतात, त्यांचा राज्यही आदर राखेल.

समतेची तहान नंतरही टिकली. इंडोनेशियनमध्येही वय आणि मानाप्रमाणे संबोधनं बदलतात. सर्वांना सारखंच लागू पडेल असं सर्वनाम हवं म्हणून 1957मध्ये ‘आन्दा’ हा शब्द पुढे आणला गेला. आज जाहिराती, सूचना, अर्ज यांत तो सर्रास दिसतो. जावाच्या ब्लोरात जन्मलेले प्रामुद्या अनंता तूर यांनी लेखनासाठी इंडोनेशियन निवडली. बुरू बेटावरच्या राजकीय कैदेत त्यांनी सहकैद्यांना जी कथा सांगितली, तिची पहिली कादंबरी 1980मध्ये आली. तिचा नायक तिर्तो आधी सूर्यो यांच्यावर बेतलेला आहे. थोरांपुढे जमिनीवर सरपटत जाण्याची जावानी रीत आणि तिच्याविरुद्ध पेटून उठणारा तरुण त्यात दिसतो, तेव्हा 1928च्या निवडीमागची वेदना समजते.

आज हिशेब काय सांगतो? 2010च्या जनगणनेत नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना इंडोनेशियन येत होती. घरात रोज ती बोलणारे मात्र वीस टक्क्यांच्या आसपास होते, आणि घरात जावानी बोलणारे बत्तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांनी शपथेतली वाटणी पाळली: बाहेर इंडोनेशियन, घरात आपली भाषा. नोव्हेंबर 2023मध्ये युनेस्कोच्या महासभेनं इंडोनेशियनला आपल्या अधिकृत भाषांत स्थान दिलं.

या यशाची दुसरी बाजूही मोजायला हवी. जावानी बोलणाऱ्यांचं प्रमाण 1980मध्ये चाळीस टक्के होतं. शहरातले आईवडील मुलांशी इंडोनेशियनमध्ये बोलू लागले आहेत. क्रामा चुकली तर अपमान होईल, या धास्तीनं तरुण आजी-आजोबांशीही इंडोनेशियनचाच आसरा घेतात. ज्या पायऱ्यांमुळे जावानी राष्ट्रभाषा होऊ शकली नाही, त्याच पायऱ्या आता तिला तिच्या स्वतःच्या घरात अवघड करत आहेत. तरी तिच्यामागे कोट्यवधी माणसं आहेत, शाळेत तास आहेत, वायांग कुलित या सावल्यांच्या बाहुलीनाट्यात रात्रभर तिच्यातच बोलणारे दलांग, म्हणजे सूत्रधार, आहेत. 1991पासून तिच्यासाठी स्वतंत्र परिषदा भरू लागल्या आणि 2009मध्ये हनाचरका लिपीला संगणकाच्या युनिकोडमध्ये जागा मिळाली.

ज्यांच्यामागे यातलं काहीच नाही, त्यांचं काय? इंडोनेशियात सातशेच्या वर भाषा आहेत. त्यांतल्या अकरा संपल्याचं तिथल्या सरकारी भाषासंस्थेनं नोंदवलं आहे, आणि त्या मालुकू आणि पापुआ या पूर्वेकडच्या भागांतल्या आहेत. त्यांना दरबार नव्हता, ताडपत्रं नव्हती, जळत्या वाड्यातून पोथी वाचवणारा पंडित नव्हता. 2002मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली, आणि ‘लोक जपतील त्या भाषांचा आदर’ या जुन्या हमीच्या जागी 32व्या कलमात राज्यावरच जबाबदारी आली. प्रादेशिक भाषा ही राष्ट्राची सांस्कृतिक संपत्ती आहे, राज्य त्यांचा मान राखेल आणि त्या जपेल, असं तिथे लिहिलं गेलं. क्रामात रस्त्यावरच्या मसुद्यानं ज्या भाषांबद्दल मौन राखून त्यांना जागा ठेवली होती, त्यांच्यासाठी शिक्षक नेमणं, शब्दकोश करणं, उरलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करणं हे काम आता त्या कलमाखाली चालू आहे, आणि बोलणारे मोजकेच उरलेल्या भाषांच्या बाबतीत त्यासाठी फार वर्षं हाताशी नाहीत.